इकडे सर्व खुशाल

आत्ता तुमच्यापैकी कोणी पोळ्या लाटत ऐकत असेल, कोणी गाडीत, कोणी मुलांना झोपवून हेडफोन लावून बसलं असेल. कसंही ऐका, पण आज शेवटपर्यंत थांबा. मी एक गोष्ट सांगणार आहे आणि ती माझी स्वतःचीच आहे. तिच्यात मी काही मोठा पराक्रम केलेला नाही. उलट तीन आठवडे मी माझ्या मुलीशी आणि माझ्या वडिलांशी रोज खोटं बोलत होते. त्या खोट्यातून बाहेर कशी आले, त्याची ही गोष्ट.

साल २०१६. जुलै महिना. मी सिंगापूरला रॅफल्स प्लेसमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. सात वर्षं झाली होती. एका सोमवारी सकाळी मला एका छोट्या खोलीत बोलावलं. समोर दोन माणसं आणि एक पाकीट. वीस मिनिटांत सगळं संपलं. लॅपटॉप दिला, गळ्यातला पास काढून दिला, टेबलावरचं मनीप्लांट पिशवीत घातलं आणि खाली आले.

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, की एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्या माणसाची नोकरी गेली की पास रद्द होतो आणि साधारण तीस दिवसांत गाशा गुंडाळायची वेळ येते. आमच्याकडे पीआर होतं, त्यामुळे देश सोडायचा प्रश्न नव्हता. पण मुलगी सहावीत, म्हणजे पीएसएलईचं वर्ष. परीक्षा दोन महिन्यांवर. घराचा हप्ता चालू. आणि लालबागला बाबा एकटे, त्यांना दर महिन्याच्या पाच तारखेला मी पैसे पाठवायची.

नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की मुलीला परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नाही. आणि बाबांना तर नाहीच. त्यांचं वय झालेलं, बीपीच्या गोळ्या चालू. उगाच कशाला काळजी?

मग दुसऱ्या दिवसापासून माझं नाटक सुरू झालं. रोज सकाळी तयार व्हायचं, डबा घ्यायचा, मुलीबरोबर लिफ्टने खाली उतरायचं, ती शाळेच्या बसमध्ये आणि मी एमआरटीत. दुसरीकडे कुठे जावं तेही सुचेना, म्हणून पाय आपोआप रॅफल्स प्लेसलाच उतरायचे.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चारही बाजूंनी बँकांच्या उंच इमारती आणि मधे हिरवळीचा एक चौकोन. तिथेच स्टेशनची दारं आहेत, जुन्या काळच्या दुकानाच्या दर्शनी भागासारखी बांधलेली. सकाळी साडेआठला त्या दारांतून माणसं अशी बाहेर पडतात, की दादरच्या पुलाची आठवण यावी. फरक एवढाच, की कोणी बोलत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात पास, कानात काहीतरी घातलेलं आणि हातात कॉफी. त्या गर्दीत मीही चालायची. दहा मिनिटांत सगळे आपापल्या इमारतीत शिरायचे आणि चौकात मी एकटी उरायची. फोनवरून नोकरीचे अर्ज भरायची. बारा वाजले की लाऊ पा सातला जाऊन कोपऱ्यात बसून घरचाच डबा खायची. जुन्या ऑफिसातलं कोणी दिसलं तर मान खाली.

दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारे चिनी गृहस्थ माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसायला लागले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोपी, तिच्यात स्ट्रॉ. इथे कोणत्याही वयस्कर माणसाला अंकल म्हणतात, म्हणून मीही अंकलच म्हणते. दोन-तीन दिवस नुसती मान हलवली. मग एक दिवस ते म्हणाले, “अकरा वाजता ऑफिसचा माणूस इथे एवढा वेळ बसत नाही.”

मी काही बोलले नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही. समोरच्या उंच इमारतीकडे हात करून म्हणाले, “तिथे पूर्वी रॉबिन्सन्स होतं. माझी मोठी बहीण तिथे काउंटरवर होती.”

रॉबिन्सन्स म्हणजे त्या काळचं सिंगापूरमधलं मोठं, नावाजलेलं दुकान. २१ नोव्हेंबर १९७२ ला सकाळी त्याला आग लागली आणि नऊ माणसं गेली. हे मला नंतर वाचून कळलं. अंकल तेव्हा अठरा वर्षांचे होते. पलीकडे चेंज ॲली नावाची अरुंद गल्ली होती, पैसे बदलून देणारे आणि घड्याळं, कपडे, खेळणी विकणारे दाटीवाटीने बसायचे तिथे. ती गल्ली १९८९ मध्ये पाडली. त्या गल्लीत ते एका दुकानात पोऱ्या म्हणून कामाला होते. धूर दिसला तसे धावत आले. पोलीस जवळ जाऊ देईनात. दुपारपर्यंत बहिणीला शोधत होते. ती सापडली नाही, तेव्हा आईला काय सांगायचं या विचाराने पाय ओढत घरी गेले. तर बहीण घरी. चपला कुठे गेल्या तिलाच माहीत नव्हतं, तशीच अनवाणी चालत आली होती. आई बाजारात गेली होती. आई यायच्या आत दोघांनी ठरवलं, की तिला सांगायचं, बहिणीची आज सुट्टी होती.

“आईला त्रास नको म्हणून,” अंकल म्हणाले. “पण बहीण रात्री दचकून उठायची. आई विचारायची, काय झालं? ती म्हणायची, काही नाही. आईला वाटलं, मुलगी आपल्याशी बोलत नाही, आपलं काहीतरी चुकलं. शेवटपर्यंत तिला तसंच वाटत राहिलं. आता आई नाही, बहीणही नाही. आज सांगायचं ठरवलं तरी कोणाला सांगू?”

कोपी संपली होती. ते थोडा वेळ गप्प बसले. आणि मी, जिने पंधरा दिवस नवऱ्याशिवाय कोणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं, त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. पास काढून देताना हात कसा थरथरला, तेही. त्यांनी कुठे अर्ज करायचा ते सांगितलं नाही, होईल सगळं नीट असंही म्हणाले नाहीत. फक्त ऐकलं. शेवटी विचारलं, “मुलगी किती वर्षांची?” मी म्हटलं, बारा. ते म्हणाले, “मग तिला माहीत असणार.”

मंडळी, त्या रात्री मी मुलीच्या खोलीत गेले. ती गणितं सोडवत होती. मी म्हटलं, बाळा, तुला एक सांगायचंय. तिने मान वर न करताच विचारलं, “तुझ्या नोकरीचं ना?”

तिला कसं कळलं? आमच्या दाराच्या मागे एक हूक आहे. घरी आले की ऑफिसचा पास मी तिथे अडकवायची. तीन आठवडे तो हूक रिकामा होता. मी बूट घातले, डबा घेतला, लिपस्टिकसुद्धा लावली, पण हूक विसरले. मुलीला सगळं दिसत होतं. तिला वाटत होतं, आई आपल्याशी बोलत नाही म्हणजे काहीतरी फारच भयंकर असणार. आपल्याला शाळा सोडून भारतात जावं लागणार, असंही तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

मी तिला खरं काय ते सांगितलं. किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, हेही सांगितलं. मग ती उठली, दप्तराच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. गणिताचा सराव पेपर. शंभरपैकी एकेचाळीस. दहा दिवस लपवून ठेवला होता. का, तर आई आधीच काळजीत आहे.

म्हणजे बघा, मी तिच्यासाठी लपवत होते आणि ती माझ्यासाठी. एकाच घरात, एकाच टेबलावर आम्ही दोघी जेवत होतो, “कसा गेला दिवस?” “छान” असं रोज म्हणत होतो.

आता बाबांकडे येते. पाच तारीख जवळ आली होती. मी बचतीतून नेहमीएवढेच पैसे पाठवणार होते, म्हणजे त्यांना शंका यायला नको. पण मुलीशी बोलणं झाल्यावर मला ते जमेना. रविवारी फोन केला आणि सांगितलं, “बाबा, माझी नोकरी गेली. तीन आठवडे झाले.”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, “मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुराला जागा असायची, आठवतंय का गं तुला?”

मला काही संदर्भ लागेना. मी म्हटलं, हो.

“बारा-तेरा महिने त्या जागेत मी एकच लिहीत होतो. इकडे सर्व खुशाल.”

माझे वडील गिरणी कामगार. साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा संप म्हणतात तो. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, माणसंच हळूहळू संपून गेली. मी तेव्हा तीन वर्षांची. मला एवढंच माहीत होतं, की संपात बाबांची नोकरी गेली आणि नंतर ते एका गोदामात लागले. घरात हा विषय कधी निघाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या रविवारी बाबा दीड तास बोलले. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा होते, त्यांना दर महिन्याला बाबांची मनीऑर्डर जायची. संप सुरू झाल्यावरही ती थांबली नाही. बाबा भायखळ्याच्या भाजीबाजारात पहाटे गोणी उचलायला जायचे. तेवढ्यात भागेना, तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. आईच्या हातात नेहमी काचेच्याच बांगड्या का असायच्या, ते मला सदतिसाव्या वर्षी, सिंगापूरच्या स्वयंपाकघरात उभं राहून कळलं.

“आबांना कळलं नसेल का, बाबा?” मी विचारलं. “अख्खी मुंबई बंद होती.”

“कळलं असणारच. अर्धं गाव संपातून परत आलं होतं. पण ते बोलले नाहीत, मी बोललो नाही. त्यांना वाटलं असेल, पोरगा मानाने पाठवतोय, कशाला विचारा. मला वाटलं, म्हाताऱ्याला कशाला घोर. तसेच गेले ते.” मग थांबून म्हणाले, “तू सांगितलंस ते बरं केलंस. पैसे पाठवू नकोस. मला पुरतं.”

मंडळी, मी चौदा वर्षं परदेशात आहे आणि दर रविवारी बाबांशी बोलते. चौदा वर्षांत मी त्यांना बढती सांगितली, घर घेतलं ते सांगितलं, मुलीची बक्षिसं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, शाबास म्हणाले, आणि फोन ठेवला. यातल्या एकाही बातमीने त्यांच्या तोंडून त्यांची गोष्ट बाहेर काढली नाही. ती निघाली मी माझी पडलेली बाजू सांगितल्यावर.

याचा मी पुष्कळ विचार केला. यशाची बातमी ऐकणाऱ्याला अभिनंदन करण्यापलीकडे काही काम उरत नाही. सल्ला ऐकणाऱ्याला मान डोलवण्यापलीकडे काही उरत नाही. पण आपण आपल्यावर गुदरलेलं जसं घडलं तसं, बारीकसारीक तपशिलासकट सांगितलं, की ऐकणाऱ्याला त्याचं स्वतःचं काहीतरी आठवतं. अंकलना मी विचारलं नव्हतं. त्यांनी बहिणीच्या चपलांचं सांगितलं, म्हणून मला माझ्या पासचं सांगता आलं. मी पासचं सांगितलं, तेव्हा मुलीने पेपर काढला. बाबांना मनीऑर्डर आठवली.

बाबांशी बोलल्यावर मी एक पुस्तक मागवलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनी गिरणगावातल्या माणसांना भेटून, त्यांना बोलतं करून, त्यांच्याच शब्दांत गिरणगावाचा इतिहास लिहिला आहे. इंग्रजीत तो २००४ साली आला, नावातच शंभर वर्षं आणि शंभर आवाज आहेत. मराठीतही तो उपलब्ध आहे. त्यातले भाग मी रविवारी फोनवर बाबांना वाचून दाखवायला लागले. कुठे ते म्हणायचे, “अगदी अस्संच.” कुठे म्हणायचे, “छे, आमच्या खात्यात वेगळं होतं.” आणि वेगळं काय होतं ते सांगायला लागायचे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की जे झालं ती आपल्या एकट्याची नामुष्की. दुसऱ्याच्या तोंडून तीच हकीकत ऐकली, तेव्हा ती त्यांना सांगण्यासारखी वाटू लागली.

मी एकदा त्यांना विचारलं, “आजीला तरी सांगितलं होतंत का?” म्हणाले, “तिला सांगायला लागायचं नाही. आणि तिचं जे काही होतं ते ती जात्याला सांगायची.”

आपल्या आज्या-पणज्यांचं हे खरंच आहे. सासरी मन मोकळं करायला कोणी नसायचं. पहाटे सगळं घर झोपेत असताना जात्याशी बसायचं आणि ओवीतून बोलायचं. माहेर, भाऊ, लेकरू, सासूचा जाच, दुष्काळ, सगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांमधून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक तर त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. जरूर ऐका.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जातं जड असेल तर दोघी समोरासमोर बसतात आणि एकच खुंटा दोघी धरतात. एकीने ओवी धरली की दुसरी ती उचलते, आणि मग आपली जोडते. एकीचं दुःख ऐकून दुसरी दळायचं थांबत नाही, “अगं, त्यात काय एवढं” असंही म्हणत नाही. ती खुंटा धरून ठेवते. ऐकणाऱ्याने एवढंच करायचं असतं.

आपण परदेशातली माणसं इथेच कमी पडतो. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलो की, काय कसं काय? मस्त! नोकरी? मस्त! मुलं? एकदम मस्त! घरी फोन केला की तिकडूनही तेच. आई बाथरूममध्ये पडली, हे आपल्याला प्लास्टर निघाल्यावर कळतं. बाबांची अँजिओग्राफी झाली, हे आपल्याला शेजारच्या काकूंकडून कळतं. आपण रागावतो, “मला का नाही सांगितलं?” पण आपण तरी त्यांना काय सांगतो? हातातला फोन आता व्हिडिओचा झाला, पण खालच्या रकान्यात आपण अजून तेच लिहितो, इकडे सर्व खुशाल.

सप्टेंबरात एका मैत्रिणीच्या घरी गणपती होता. आरतीनंतर प्रसादाच्या पानावर एकीने विचारलं, “काय गं, ऑफिस कसं चाललंय?” मी म्हटलं, “नाही चाललंय. जुलैत नोकरी गेली.” एक क्षण सगळ्या गप्प. मग माझ्या उजव्या हाताला बसलेली म्हणाली, “माझी मार्चमध्ये गेली.” आणि समोरची म्हणाली, “ह्यांची गेल्या वर्षी गेली होती. पाच महिने आम्ही कोणालाच सांगितलं नाही.” तीन घरं, एकाच स्टेशनच्या आसपास राहणारी, दर महिन्याला भेटणारी. तिघींनी आपापलं एकटीने सोसलं होतं.

त्या बोलण्यातून मला लगेच नोकरी मिळाली असं काही झालं नाही. ती मिळायला आणखी पाच महिने लागले, आणि पगारही आधीपेक्षा कमी. मुलीचा निकाल ठीकठाक लागला. पण ते पाच महिने आधीच्या तीन आठवड्यांपेक्षा हलके गेले, हे मी शपथेवर सांगेन.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. घरी सांगून टाकल्यावर रोज रॅफल्स प्लेसला जायची गरज उरली नाही. महिन्याभराने मुद्दाम अंकलना भेटायला गेले, तर ते दिसले नाहीत. पुन्हा दोन-चारदा गेले. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. सिंगापूर सरकारच्या अभिलेखागाराने १९७९ पासून सामान्य माणसांच्या तोंडच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. इंग्रजी, मलाय, तमिळ, मँडरिन, आणि होक्कियन, कँटोनीजसारख्या बोलींमध्येसुद्धा. हजारो तासांचं बोलणं आहे ते, आणि त्यातलं पुष्कळसं घरबसल्या ऐकता येतं. मी अधूनमधून ऐकते. जुन्या बाजारातल्या, बंदरावरच्या, युद्धाच्या दिवसांतल्या आठवणी. कधीतरी चेंज ॲलीतला तो पोऱ्या बोलताना ऐकू येईल, असं वाटत राहतं. पण ज्याची गोष्ट कोणी विचारली नाही, ती कुठल्याच कपाटात सापडत नाही.

म्हणून आज तुमच्याकडे एक मागणं आहे. काही जणांचे आई-वडील आत्ता तीन महिन्यांसाठी तुमच्याकडे आलेले असतील. दिवसभर घरात बसून कंटाळलेले असतील. त्यांना “तुमच्या आठवणी सांगा” असं म्हणू नका. असं म्हटलं की माणूस भाषण करतो, नाहीतर “आमचं काय, चाललंय” म्हणतो. छोटं काहीतरी विचारा. पहिल्या पगारातून काय घेतलंत? लग्नानंतर पहिल्यांदा कधी रडलात? घरात पैसे नव्हते तेव्हा कोणाकडे मागितलेत? आणि त्याआधी तुमचं काहीतरी सांगा, खरं, ज्यात तुमची फजिती झाली असेल असं. मोबाइलवर मुद्रण करायचं असेल तर आधी विचारा आणि ते नको म्हणाले तर फोन बाजूला ठेवा. मधे तारखा दुरुस्त करू नका. “माझं तर याहून वाईट झालं होतं” असं म्हणून गोष्ट त्यांच्या हातून काढून घेऊ नका.

मुलांनाही ऐकू द्या. त्यांना मराठी अर्धंच कळत असेल, तरी आजोबांचा आवाज कुठे अडला ते त्यांना कळतं. माझ्या मुलीला “साचाखातं” हा शब्द येतो. मराठीच्या पुस्तकातून तिला तो कधी मिळाला नसता.

आणि एक काळजी घ्या. सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. जी गोष्ट दुसऱ्याची आहे ती त्याला विचारल्याशिवाय आपण सांगू नये. आजची ही गोष्ट सांगण्याआधी मी मुलीला विचारलं, बाबांनाही विचारलं. मुलगी म्हणाली, “एकेचाळीस मार्क सांगू शकतेस, पण नंतर किती वाढले तेही सांग.” तर सांगते, अडुसष्ट झाले. बाबांनी आधी नको म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, “सांग. आबांना सांगायचं राहिलं ते तुझ्या लोकांना तरी सांग.”

तर बाबा, सांगितलं.

श्रोतेहो, आता घरातल्या कोणाशी तरी दहा मिनिटं बोला. आणि कोणी विचारलं, कसं चाललंय, तर आज एक दिवस “मस्त” म्हणू नका. नमस्कार.